तारखेला सोबत

सकाळी साडेदहाच्या सुमारास जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात बसायला जागा उरत नाही. बाकड्यांवर पक्षकार, भिंतीला टेकलेले पोलीस शिपाई, काखेत फायली धरून पळणारे ज्युनिअर वकील आणि दिवसाच्या बोर्डासमोर आपला नंबर शोधणारी माणसे. या गर्दीपासून लांब, जिन्याच्या वळणावर, एक बाई आपल्या मुलीला घेऊन उभी होती. मुलगी असेल बारा-तेरा वर्षांची. त्यांच्या शेजारी आणखी एक बाई होती. तिच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, एक चित्रकलेची वही आणि एक जाड फाईल होती. आई तिला ताई म्हणत होती. पुकारा व्हायला अजून वेळ होता. काळे कोट जाता-येता दिसत होते, आणि आई पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "ताई, ह्यातला आपला वकील कुठला?"

नंतर दुसऱ्या न्यायालयांतही मी हाच प्रश्न ऐकला. विचारणारी आई निराळी, बोलीही निराळी, प्रश्न मात्र तोच.

या अंकाचा विषय 'सोबत' असल्याचे संपादकांनी कळवले, तेव्हा मला या ताई आठवल्या. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या भाषेत यांना 'सपोर्ट पर्सन' म्हणतात, आणि न्यायालयातही हाच इंग्रजी शब्द रुळला आहे. अत्याचार झालेल्या मुलामुलीबरोबर ठाण्यापासून निकालापर्यंत राहणारी व्यक्ती, असा त्याचा अर्थ. अशाच प्रकारचे काम प्रौढ बायकांसाठी करणाऱ्या समाजकार्यकर्त्या आहेत, रुग्णालयांत समुपदेशक आहेत, विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आहेत. त्यांचे काम जवळून पाहावे म्हणून मी ठाण्यांत, दवाखान्यांत आणि न्यायालयांच्या व्हरांड्यांत जाऊन बसले.

या लेखात एकाही पीडितेचे, तिच्या गावाचे किंवा न्यायालयाचे नाव नाही. अशी ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेचे ७२वे आणि पॉक्सोचे २३वे कलम मनाई करते. ताईंचीही नावे गाळली आहेत. लहान तालुक्यात कोणती ताई कोणाच्या घरी जाते हे सगळ्यांना ठाऊक असते. तिचे नाव छापले, तर त्या घराचेही छापल्यासारखे होते.

सरकार विरुद्ध अमुक

आईच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला ताईंना थोडा वेळ लागतो, कारण उत्तर आईला अवघड वाटणारे असते. फौजदारी खटला सरकार चालवते. कागदावर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असे असते, आणि जिच्यावर अत्याचार झाला ती त्या कागदावर क्रमांक असलेली एक साक्षीदार असते. सरकारी वकील हे सरकारचे वकील. ते तिच्या बाजूने लढतात, पण ती त्यांची अशील नसते. त्यांच्या टेबलावर एकाच दिवशी कितीतरी फायली असतात. पुष्कळदा साक्षीच्या दिवशी सकाळीच ते तिला पहिल्यांदा भेटतात.

घरच्यांनी स्वतःचा वकील दिला तरी त्याने सरकारी वकिलाच्या हाताखाली काम करायचे असते. शेवटी न्यायालयाच्या परवानगीने त्याला लेखी युक्तिवाद देता येतो. पीडितेच्या वकिलाला स्वतंत्रपणे साक्षीदार तपासता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रेखा मुरारका प्रकरणात स्पष्ट केले. न्यायालयाचे म्हणणे असे की खटल्याचे रूपांतर वैयक्तिक सूडाच्या लढाईत होऊ नये. हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे, पण व्हरांड्यात उभ्या असलेल्या आईला त्यातून काहीच मिळत नाही.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत पीडितांचे हक्क मात्र वाढले आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेतील दुरुस्ती २००९च्या अखेरीस लागू झाली. तिच्यामुळे 'पीडित' या शब्दाला कायद्यात व्याख्या मिळाली, नुकसानभरपाईची योजना आली आणि आरोपी सुटला तर स्वतः अपील करण्याचा हक्क पीडितेला मिळाला. हे अपील करायला आधी न्यायालयाची वेगळी परवानगी लागत नाही, असा निवाडा २०१८ मध्ये झाला. लखीमपूर खेरीच्या जामीन प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे मांडण्याचा पीडितेला हक्क आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पोलिसांनी ९० दिवसांत तपासाची प्रगती तिला कळवायची आहे, आणि सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर तिचे म्हणणे ऐकल्याशिवाय न्यायालयाने परवानगी द्यायची नाही.

हे सगळे हक्क चांगले आहेत. मात्र म्हणणे मांडायचे तर तारीख कधी आहे हे आधी कळायला हवे, आणि तिथेच सगळे अडते. समन्स जुन्या पत्त्यावर जाते. घर वीटभट्टीवरचे असते, किंवा हंगामाप्रमाणे बदलणारे. फोन नवऱ्याकडे असतो. आरोपीला जामीन मिळाल्याची बातमी घरच्यांना न्यायालयाकडून कळत नाही. तो गावच्या पारावर बसलेला दिसतो, तेव्हा ती कळते. ताईंच्या कामाचा मोठा भाग या माहितीभोवती फिरतो. तो बाहेरून दिसत नाही आणि त्याची कुणी नोंदही घेत नाही. माझ्या मते मात्र पीडितेला न्याय मिळण्याची सुरुवात तिथूनच होते.

ठाण्यातली पहिली रात्र

ताईंना पहिला फोन बहुधा संध्याकाळनंतर येतो, कारण घरात दिवसभर 'सांगायचे की नाही' यावर खल चाललेला असतो. अत्याचार करणारा अनोळखी असेल, तर निर्णय लवकर होतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे हेच सांगते की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. तो काका असतो, शेजारी असतो, शिकवणीचा सर असतो, कधी वडीलही असतात. मग घरातले एक माणूस फिर्याद द्यायला निघते आणि दुसरे दारात आडवे उभे राहते.

कायद्यात या रात्रीसाठी बारकाईने लिहिले आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा. शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि जबाब घेताना गणवेश घालायचा नाही. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नाही. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवायचे नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायचा. फिर्यादीची प्रत विनामूल्य द्यायची.

एका ठाण्यात मी पाहिले की महिला उपनिरीक्षक बाजूच्या खोलीत जाऊन साडी नेसून आली. तिने मुलीला चहात बुडवून बिस्किट दिले आणि बोलायला घाई केली नाही. दुसऱ्या ठाण्यात तीन तास लाकडी बाकावर बसवून ठेवल्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोरच "काय झालं ते सांग" असे विचारले गेले. कायदा दोन्हीकडे एकच होता. दुसऱ्या ठाण्यातली ताई चढ्या आवाजात बोलली नाही. तिने फाईल उघडली, कलम दाखवले, आतल्या खोलीची मागणी केली आणि खोली मिळेपर्यंत उभी राहिली. पुढची दोन वर्षे याच ठाण्याशी आपल्याला काम करायचे आहे हे तिला ठाऊक होते. चिडून निघून जाणे तिला परवडणारे नव्हते.

त्यानंतर दवाखाना. वैद्यकीय तपासणी पुराव्यासाठी असते, तशीच ती उपचारासाठीही असते. गर्भधारणा टाळण्याचे औषध, संसर्गावरचे उपचार, मनाला धीर हे त्या रात्रीच द्यायचे असते, आणि सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला ते नाकारता येत नाही. तपासणीला संमती लागते. त्यातल्या एखाद्या भागाला नाही म्हणता येते, हे आईला कुणीतरी सांगावे लागते. दोन बोटांची ती अपमानकारक चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाकारली, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत बंद करायला सांगितली, आणि तरीही ती चालू राहिली म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाला ती करणाऱ्याला गैरवर्तनासाठी जबाबदार धरण्याची ताकीद द्यावी लागली. अशा वेळी तपासणीच्या खोलीत आपले म्हणता येईल असे कुणीतरी उभे असले, म्हणजे डॉक्टरही नियम आठवून वागतात. मी बोलले त्या जवळजवळ प्रत्येक कार्यकर्तीने हे मला या ना त्या शब्दांत सांगितले.

कायद्याच्या आधीपासून

या कामाची पाळेमुळे महाराष्ट्रात खोल आहेत. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. हे प्रकरण मथुरा या नावाने ओळखले जाते. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले, मुंबईत बायकांचे मंच स्थापन झाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या चळवळीतल्या बायका मोर्चे काढत होत्या आणि त्याच वेळी ठाण्यात, कोर्टात पीडितांबरोबर जातही होत्या. पद आणि पगार यांचा तिथे प्रश्नच नव्हता.

१९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या छताखाली बसलेली, पण पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती ही कल्पना तेव्हा नवी होती. जागा पोलिसांची, म्हणून तिच्या शब्दाला ठाण्यात वजन असते. ती पोलीस नाही, म्हणून आलेली बाई तिच्याशी मोकळेपणी बोलते. हा कक्ष पुढे राज्यभर पसरला. २००० साली 'सेहत' ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उघडले. घरात मार खाल्लेली बाई ठाण्यात जायच्या आधी दवाखान्यात येते, हे ओळखून समुपदेशक तिथेच बसवल्या. वकील फ्लाव्हिया ॲग्नेस यांच्या 'मजलिस' संस्थेने 'राहत' या उपक्रमातून मुंबईत बलात्काराच्या खटल्यांतील पीडितांना न्यायालयात सोबत दिली आणि वकिलांना हे काम करायला शिकवले.

हे सगळे लोक पॉक्सोचे नियम येण्याच्या आधी तेच काम करत होते, जे पुढे नियमांत लिहिले गेले. २०१२च्या पॉक्सो कायद्याने आणि विशेषतः २०२०च्या नियमांनी या सोबतीला अधिकृत जागा दिली. बालकल्याण समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने सपोर्ट पर्सन नेमते. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अशा व्यक्तींची यादी असते. नेमणूक झाली की पोलिसांनी चोवीस तासांत विशेष न्यायालयाला लेखी कळवायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सपोर्ट पर्सनची गरज आहे की नाही हे ठरवण्याचा भार पालकांवर टाकू नका. ती मिळू शकते, हे प्रत्येक प्रकरणात त्यांना सांगा.

दोन तारखांच्या मधले आयुष्य

विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावा, असे पॉक्सोचे ३५वे कलम सांगते. प्रत्यक्षात मधला काळ लांबतो, आणि सगळी पडझड त्याच काळात होते.

ताई महिन्यातून एकदा घरी जाते. कधी शाळेत जाते, कारण मुख्याध्यापकांना मुलीची गैरहजेरी दिसते, पण त्यामागचे कारण सांगता येत नाही. वडिलांची मजुरी सुटलेली असते, कारण शेत आरोपीच्या भावकीचे होते. किराणा दुकानदार उधार देत नाही. भाऊबंद येऊन बसतात आणि 'मिटवून टाका' म्हणतात. आजीच म्हणते, पोरीचं लग्न कसं व्हायचं. या दबावाला गुन्हा म्हणावे असे काही घडलेले नसते, त्यामुळे फिर्याद कशाची द्यायची हेही कळत नाही. धमकी उघड असेल, तर २०१८च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो, आणि तो लिहायला ताई बसते. दबाव न बोलता येत असेल, तर तिच्याकडे एकच उपाय उरतो, तो म्हणजे येत राहणे.

आरोपी जामिनासाठी अर्ज करतो, तेव्हा घरच्यांना नोटीस मिळायला हवी. मुंबई उच्च न्यायालयाने अर्जुन माळगे यांच्या जनहित याचिकेवर २०२१ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आणि पोलीस, न्यायालये, विधी सेवा प्राधिकरण यांनी कोणी काय कळवायचे ते ठरवून दिले. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या कायद्यात २०१६ पासून १५अ हे कलम आहे. त्यात जामिनासह प्रत्येक कामकाजाची नोटीस, प्रवासखर्च, आणि सामाजिक कार्यकर्त्याची किंवा संस्थेची मदत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. दलित वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्यांना हे कलम तोंडपाठ असते. पॉक्सोच्या ताईंनी ते त्यांच्याकडून शिकावे आणि त्यांनी पॉक्सोचे नियम ताईंकडून, असे मला प्रत्येक जिल्ह्यात वाटले. अनेक ठिकाणी हे दोन्ही कायदे एकाच मुलीला लागू होतात.

एका अवघड गोष्टीबद्दल ताई मोकळेपणी बोलल्या. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, आरोपी तिचा मित्र, दोघे घरातून पळून गेलेले, आणि फिर्याद तिच्या वडिलांची. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची संमती कायदा मानत नाही, म्हणून गुन्हा नोंदला जातो. मुलगी बालगृहात असते आणि तिला आरोपीविरुद्ध एक शब्द बोलायचा नसतो. तिची ताई कोणाच्या बाजूने? मी ज्या कार्यकर्त्यांवर विश्वास ठेवीन, त्यांनी सांगितले की मुलीच्या. ती काय म्हणते ते समितीपुढे आणि न्यायालयापुढे पोहोचेल एवढे पाहायचे. शिक्षा व्हावी की होऊ नये, हे ठरवणे ताईचे काम नाही. मला हे उत्तर बरोबर वाटते. मात्र ते अमलात आणताना वडिलांचा राग आणि तपास अधिकाऱ्याचा संशय हे दोन्ही तिलाच झेलावे लागतात.

साक्षीच्या आधी

साक्षीच्या चार-आठ दिवस आधी ताई मुलीला न्यायालय दाखवायला नेते. सरकारी वकील आणि शिरस्तेदार चांगले असले, तर दुपारच्या सुट्टीत रिकामी खोली बघायला मिळते. जज कुठे बसतात, आरोपीला कुठे उभे करतात, पडदा कुठे लावतील, तू कुठे बसशील, दार कुठे आहे. मुली हमखास विचारतात, "तो मला बघेल का?" पॉक्सोचे ३६वे कलम सांगते की साक्ष देताना मूल आरोपीच्या समोर येता कामा नये. पडदा, एकेरी काच किंवा व्हिडिओ जोडणी वापरावी. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या जिल्ह्यांत असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारायला सांगितले, आणि 'असुरक्षित' या शब्दात प्रौढ अत्याचारग्रस्तांनाही घेतले. जिथे असे केंद्र चालू आहे तिथे वेगळे दार, वेगळी खोली, खेळणी, स्वच्छतागृह असते. जिथे नाही तिथे एखादे लोखंडी कपाट किंवा बेडशीट पडदा म्हणून लावले जाते. व्हरांड्यात मात्र मुलगी आणि आरोपीची आई समोरासमोरच बसतात.

तयारी आणि पढवणे यातली सीमा ताईंना काटेकोर पाळावी लागते. उलटतपासात पहिल्या काही प्रश्नांतच एक प्रश्न येतो, "तुला कोणी शिकवून पाठवलं?" लहान मूल खरे बोलते आणि म्हणते, "ताईंनी सांगितलं." ताईंनी खरे बोल असे सांगितले होते की काय बोल असे सांगितले होते, हा फरक त्या एका वाक्यात हरवतो. म्हणून चांगली ताई घटनेबद्दल कधीच विचारत नाही. जबाब वाचून दाखवणे सरकारी वकिलाचे काम आहे. ताई फक्त एवढे सांगते की प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हण, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, पाणी हवे असले तर माग, रडू आले तर रड, जज थांबतील.

थांबायलाच हवे, कारण तसा कायदा आहे. पॉक्सोच्या ३३व्या कलमानुसार दोन्ही बाजूंच्या वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारायचे. मध्ये विश्रांती द्यायची, आक्रमक प्रश्न किंवा चारित्र्यावर शिंतोडे येऊ द्यायचे नाहीत, आणि पुन्हा पुन्हा न्यायालयात बोलवायचे नाही. हा नियम पाळणाऱ्या न्यायाधीशांबद्दल मी ऐकले. मुलीची शाळा, तिचा आवडता विषय यांवर ते आधी पाच मिनिटे बोलतात, मग सरतपास सुरू होतो. आणि प्रश्न सरळ वकिलाच्याच तोंडून येऊ देणाऱ्यांबद्दलही ऐकले. फ्रॉक निळा होता की जांभळा, घड्याळात किती वाजले होते, तू ओरडलीस का नाही. आठ वर्षांच्या मुलीने दोन वर्षांपूर्वीच्या संध्याकाळची वेळ चुकवली, तर ती खोटी ठरवली जाते.

त्याआधी साक्ष व्हायला तर हवी. आदल्या रात्री ताई ई-कोर्ट ॲपवर खटल्याचा सीएनआर नंबर टाकून केस बोर्डावर आहे का ते पाहते, न्यायालयात पोलिसांकडून पाठपुरावा करणाऱ्या पैरवी हवालदाराला फोन करते. सकाळी मुलगी शाळा बुडवून, आई मजुरी बुडवून, एसटीने दोन तास प्रवास करून येते. साडेअकराला कळते की आरोपीला तुरुंगातून आणायला गार्ड मिळाला नाही. किंवा बचाव पक्षाच्या वकिलांचा अर्ज आला. तारीख पडली. मुलीने रात्रभर जागून गोळा केलेले धैर्य पुढच्या महिन्यासाठी जपून ठेवता येत नाही. त्या दिवशी जिन्याच्या वळणावर उभ्या असलेल्या मुलीचेही असेच झाले. परत जाताना चित्रांची वही तिने स्वतःच्या दप्तरात ठेवली.

पैसे, तेही वेळेवर

सोबतीत पैशाचे बोलणे अनेकांना रुचत नाही. पण एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, औषधे, घर बदलण्याचा खर्च यांशिवाय खटला टिकत नाही. २०२०च्या नियमांनुसार अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती लगेच रक्कम देण्याची शिफारस करू शकते, आणि ती आठवड्याच्या आत मिळायला हवी. विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकते. आरोपी निर्दोष सुटला, सापडलाच नाही, तरीही मुलाचे नुकसान झाले आहे असे न्यायालयाला वाटले, तर भरपाई मिळू शकते. हे फार थोड्या घरांना माहीत असते.

महाराष्ट्राची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी ती सुरू झाली, पुढे मदतीची कमाल मर्यादा १० लाखांपर्यंत वाढली आणि अंमलबजावणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेली. योजना चांगली आहे. पण फॉर्म भरायला आधार, बँक खाते, रहिवासाचा दाखला लागतो. मुलीचे खाते नसते, आधारवर नाव वेगळे असते, आईची सही लागते आणि आरोपी वडील असतील तर तेच पालक म्हणून कागदावर असतात. एका ताईच्या फाईलमध्ये नुसत्या या कागदांच्या झेरॉक्स बोटभर जाड होत्या. ही रक्कम म्हणजे दया नाही. गुन्हा रोखता आला नाही म्हणून सरकारने स्वीकारलेली ती जबाबदारी आहे. कार्यालयात ती मागायला गेलेल्या आईला हे जाणवेल असे वागायला हवे.

ताईंची सोबत कोण करते

नियम सांगतो की सपोर्ट पर्सनला किमान वेतन कायद्यातल्या कुशल कामगारापेक्षा कमी मोबदला देता येणार नाही. भेटलेल्यांपैकी बऱ्याचजणींचे पैसे महिनोन्महिने अडकले होते. बसभाडे आधी खिशातून जाते. एकेकीकडे इतक्या केसेस असतात की तारखा एकमेकींवर आदळतात, आणि दोन न्यायालयांत एकाच सकाळी दोन मुली वाट पाहत असतात. रात्री धमकीचे फोन येतात. काही वर्षांनी चांगल्या ताई हे काम सोडतात, आणि जी मुलगी मध्यावर असते तिला पुन्हा पहिल्यापासून कुणावर तरी विश्वास ठेवावा लागतो. दर पंधरा दिवसांनी या कार्यकर्त्यांना एकत्र बसवून, त्यांनी ऐकलेले ऐकून घेणारे कुणीतरी हवे. काही संस्था हे करतात. सरकारी यंत्रणेत त्यासाठी जागा ठेवलेली नाही, हा मला मोठा दोष वाटतो.

आणि प्रौढांचे काय? अठरा वर्षे आणि एक दिवस वय असलेल्या मुलीला पॉक्सोची सपोर्ट पर्सन मिळत नाही. तिला विशेष कक्ष, सखी केंद्र, एखादी संस्था यांपैकी जे जवळ असेल त्यावर अवलंबून राहावे लागते. खून झालेल्या माणसाच्या विधवेला तर कोणीच नाही. तीही व्हरांड्यात उभी राहून आपला वकील शोधते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच दिल्ली डोमेस्टिक वर्किंग विमेन्स फोरमच्या याचिकेवर सांगितले होते की लैंगिक अत्याचाराची फिर्याद देणाऱ्या बाईला ठाण्यापासून कायद्याची मदत आणि सोबत मिळाली पाहिजे. तीस वर्षांनंतरही प्रौढांसाठी ही सोबत योगायोगावर सोडणे मान्य करण्याजोगे नाही. पॉक्सोत जे मुलांना दिले, तेच गंभीर गुन्ह्यातल्या प्रत्येक पीडिताला कायद्याने द्यायला हवे.

निकालानंतर काय होते तेही ताई पाहतात. शिक्षा झाली तर घरी पेढे वाटले जात नाहीत, कारण शिक्षा झालेला बहुधा घरातला किंवा गल्लीतला असतो. आरोपी सुटला तर मुलगी विचारते, "म्हणजे मी खोटं बोलले असं कोर्टाला वाटलं?" पुरावा अपुरा पडणे आणि तू खोटी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिला पुन्हा पुन्हा सांगावे लागते. निकालपत्राची नक्कल काढायची, अपिलाची मुदत पाहायची, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मागायचा. बायका आणि मुले यांना हा वकील विनामूल्य मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

तुमच्या ओळखीच्या घरावर ही वेळ आली, तर सल्ले देऊ नका आणि मिटवायलाही सांगू नका. त्यांच्याबरोबर ठाण्यात जा. फिर्यादीची प्रत मागा. मूल असेल तर हक्कांची माहिती देणारा पॉक्सोचा नमुना 'अ' मागा आणि बालकल्याण समितीकडे सपोर्ट पर्सनसाठी लेखी अर्ज द्या. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१ आणि कायद्याच्या मोफत मदतीसाठी १५१०० हे क्रमांक आहेत. ते आजच फोनमध्ये साठवून ठेवा.